क्लच दाबल्यावर आवाज राहतो का?

प्रश्न: माझी १६० सीसीची मोटारसायकल आहे, ३४,००० किलोमीटर चाललेली. दोनेक महिन्यांपासून ताशी ७५च्या पुढे गेलं की खालून कुठूनतरी ‘घूंऽऽ’ असा आवाज सुरू होतो आणि वेग वाढेल तसा चढत जातो. शहरातल्या वेगाला काहीच ऐकू येत नाही. बायको मागे बसली की आवाज जास्त येतो. ऑइल बदललं, टॅपेट सेट करून घेतले, एअर फिल्टर नवा टाकला. चेनसेट तर आवाज सुरू व्हायच्या थोडं आधीच नवा बसवला होता, त्यामुळे चेनचा प्रश्नच नाही. मेकॅनिकने गल्लीत एक चक्कर मारली आणि म्हणाला, इंजिन उघडून बघावं लागेल. उघडू द्यावं का? आणि तोवर गाडी हायवेला नेली तर चालेल का?

उत्तर: इंजिन उघडायला आज तरी हो म्हणू नका. तुमच्या पत्रातली दोन वाक्यं मला इंजिनापासून बरीच लांब, मागच्या चाकाकडे घेऊन जातात. एक, बायको मागे बसली की आवाज वाढतो. दुसरं, चेनसेट आवाजाच्या थोडं आधी बदलला. दुसऱ्या वाक्यावरून तुम्ही चेनला निर्दोष ठरवलंत. मी उलट तिथूनच सुरुवात करेन, कारण चेनसेट बदलायचा तर मागचं चाक उतरवावं लागतं, चेन नव्याने ताणावी लागते, एक्सल, म्हणजे चाकाचा दांडा, नव्याने आवळावा लागतो. आवाज सुरू होण्याआधी गाडीवर शेवटचं कोणतं काम झालं, हा प्रश्न कोणताही पाना हातात घेण्याआधी विचारायचा असतो.

पण पत्र वाचून निदान पक्कं करणं बरोबर नाही. ते तुम्हालाच करायचं आहे, आणि त्यातला मोठा भाग चालत्या गाडीवर, एकही नट न सोडवता होतो. आवाज कसा आहे, घूं की घर्र की खडखड, यात लोक फार अडकतात. तेच बेअरिंग एकाला गुरगुरल्यासारखं वाटतं, दुसऱ्याला विमानासारखं. आवाज कशाच्या मागे मागे जातो, हे शोधलं की काम सोपं होतं. मोटारसायकलवर आवाज चारच गोष्टींच्या मागे जाऊ शकतो: इंजिनाचे फेरे, चाकाचे फेरे, इंजिनावरचा भार आणि वारा. चौघांना वेगळं करणाऱ्या चाचण्या मी खाली सांगतो. त्या मोकळ्या, सरळ, ओळखीच्या रस्त्यावर, दिवसाउजेडी, मागे कुणी नाही हे आरशात बघून करायच्या. खाली वाकून चाकाकडे बघायचं नाही. कानाने ऐका, डोळे रस्त्यावरच ठेवा.

पहिली आणि सगळ्यात मोलाची चाचणी क्लचची. ताशी ८०ला आवाज नीट येत असताना अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण सोडा, क्लच दाबा आणि दोन-तीन सेकंद गाडी तशीच घरंगळू द्या. इंजिन आयडलवर येईल, गाडीचा वेग मात्र जवळपास तोच राहील. आता ऐका. आवाज त्याच सुरात चालू राहिला तर इंजिनाचा त्याच्याशी संबंध नाही, तो चाकाबरोबर फिरणाऱ्या कशाचा तरी किंवा वाऱ्याचा आहे. आवाज इंजिनाबरोबर खाली पडला तर इंजिनाकडे बघायचं. मग अ‍ॅक्सिलरेटर किंचित देऊन क्लच हळू सोडा, म्हणजे झटका बसणार नाही. ही चाचणी न्यूट्रल टाकून करू नका, आणि चालत्या गाडीत चावी तर कधीच फिरवू नका.

इथे एक बारीक गोष्ट आहे, ती अनेक जाणकारही विसरतात. क्लच दाबल्यावर इंजिन सुटतं, गिअरबॉक्स सुटत नाही. गाडी गिअरमध्ये असल्यामुळे मागचं चाक चेनमार्फत गिअरबॉक्सच्या दोन्ही शाफ्टना, म्हणजे इंजिनाकडून फेरे घेणाऱ्या इनपुट शाफ्टला आणि ते चेनला देणाऱ्या आउटपुट शाफ्टला, फिरवत राहतं. म्हणजे क्लच दाबूनही आवाज टिकला तर, वारा सोडून, संशयितांच्या यादीत टायर, चाकाची बेअरिंगं, चेन, दोन्ही स्प्रॉकेट (चेन ज्यांवरून फिरते ती दातेरी चक्रं) आणि गिअरबॉक्स एवढे उरतात. गिअरबॉक्समधला नेमका कुठला भाग, हे दुसरी चाचणी सांगते.

दुसरी चाचणी: एकाच वेगाला दोन गिअर. ताशी ८० टॉप गिअरमध्ये चालवा, मग एक गिअर खाली घेऊन तोच ८० ठेवा. इंजिनाचे फेरे वाढतात, चाकाचे तेवढेच राहतात. आवाजाचा सूर वर चढला तर तो इंजिनाचा, क्लचचा किंवा गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचा. सूर जागचा हलला नाही तर पुढच्या स्प्रॉकेटपासून मागच्या टायरपर्यंत कुठेतरी. पुढचं स्प्रॉकेट ज्या आउटपुट शाफ्टवर बसतं तोही याच गटात येतो, कारण तो चाकाशी चेनने बांधलेला आहे. आवाज फक्त एकाच गिअरमध्ये येत असेल आणि बाकीच्यांत नाही, तर त्या गिअरची जोडी घासली आहे. तुमच्या पत्रात तसं काही नाही.

तिसरी चाचणी भाराची. वेग कायम ठेवून अ‍ॅक्सिलरेटर किंचित जास्त द्या, मग किंचित सोडा. भार देताना वाढणारा आणि सोडताच जाणारा आवाज चेन, स्प्रॉकेट, गिअर किंवा इंजिनाच्या आतला असू शकतो. भार दिला काय, सोडला काय, ज्याला फरकच पडत नाही तो बहुधा टायर किंवा चाकाचं बेअरिंग. सोडताना वाढणारा आवाजही असतो. दाते झिजलेले गिअर किंवा ढिली चेन अशा वेळी बोलतात, कारण दात उलट्या बाजूने टेकतात.

चौथी चाचणी रस्त्याची, आणि ती रस्ताच तुमच्यासाठी करून देतो. डांबर संपून सिमेंटचा रस्ता लागला, पुलावरून गेलात, नव्या गुळगुळीत पट्ट्यावर आलात, आणि त्या क्षणी आवाज बदलला, तर तो टायरचा. बेअरिंगला आणि चेनला खालचा रस्ता कळत नाही. टायरमध्ये हवा कमी असणं, एकाच ठिकाणी बरेच दिवस उभ्या राहिलेल्या गाडीच्या टायरला पडलेला चपटेपणा, नक्षीचे तुकडे एका बाजूने जास्त झिजून झालेली करवत, ही सगळी कारणं घूं घूं करतात. रिकाम्या रस्त्यावर गाडी हलकेच डावी-उजवीकडे डोलवून बघा. आवाज झुकण्याबरोबर बदलला तर टायरची कड किंवा चाकाचं बेअरिंग यांच्यावर संशय घट्ट होतो.

वाऱ्याची चाचणी तर फार सोपी. डोकं थोडं खाली घ्या, थोडं बाजूला वळवा, छाती टाकीकडे झुकवा. आवाज बदलला तर तो हेल्मेटचा, काचेचा, आरशाच्या दांड्याचा किंवा एखाद्या सुट्या पट्ट्याचा आहे. तोच रस्ता, तोच वेग, पण परत येताना वारा पाठीमागून असेल, तेव्हा आवाज गायब झाला तरी उत्तर हेच. बॅगेचा लोंबता पट्टा हायवेच्या वेगाला फडफडून बेअरिंगइतकाच घाबरवणारा आवाज करू शकतो. तुमच्या आवाजाला मागे बसलेल्या माणसाचं वजन कळतं, म्हणून मी वाऱ्याला यादीत खाली ठेवतो. पण पाच मिनिटांची चाचणी आहे, करून टाका.

आता तुमच्या मनात नक्की आलेला प्रश्न: शहरात हा आवाज का येत नाही? येतो. ऐकू येत नाही. थोडा हिशेब मांडू. तुमच्यासारख्या गाडीच्या मागच्या चाकाचा घेर साधारण १.९ मीटर धरा. ताशी ८०ला गाडी सेकंदाला २२ मीटरपेक्षा थोडं जास्त अंतर कापते, म्हणजे चाक सेकंदाला जवळपास १२ वेळा फिरतं. आठ गोळ्यांच्या बेअरिंगमध्ये बाहेरच्या रेसवर, म्हणजे गोळ्या जिच्यावरून धावतात त्या बाहेरच्या कडीवर, एक खड्डा पडला असेल तर चाकाच्या एका फेऱ्यात गोळ्या त्यावर साधारण तीनदा आपटतात. झाले सेकंदाला ३६ ठोके. ताशी ४०ला तेच ठोके १८ होतात आणि प्रत्येक ठोका दुबळाही असतो. माणसाचा कान २,००० ते ४,००० हर्ट्झच्या आसपास सगळ्यात तीक्ष्ण आणि १००च्या खाली फार मंद. त्यामुळे कमी वेगाला खराब बेअरिंग फक्त फूटरेस्टमध्ये हलकी थरथर म्हणून जाणवतं, तेही शोधलं तर.

चेनचा हिशेब वेगळा. मागच्या स्प्रॉकेटला समजा ४२ दात आहेत. सेकंदाला १२ फेरे म्हणजे सेकंदाला ५०० दात चेनच्या रोलरमध्ये बसतात. हा ५०० हर्ट्झचा सूर झाला, चांगला वरचा, तक्रार केल्यासारखा रडका. म्हणजे ताशी ८०ला तुमचा ‘घूं’ खालच्या पट्टीतला जाडा असेल तर बेअरिंग किंवा टायर, आणि वरच्या पट्टीतला बारीक असेल तर चेन. यासाठी एक युक्ती आहे. गाडी चालवताना तो सूर स्वतः गुणगुणून पकडा, थांबल्यावर लगेच फोनवरच्या ट्यूनर अ‍ॅपमध्ये तोच गुणगुणा, अ‍ॅप हर्ट्झ सांगेल. गळा एक सप्तक वरखाली जातो, तेवढी सूट द्या, पण ४० आणि ५०० यांच्यात गोंधळ होत नाही. फोन हँडलला लावून रेकॉर्डिंग करायच्या फंदात मात्र पडू नका. माइकमध्ये वाऱ्याशिवाय काही भरत नाही, आणि मोटारसायकलच्या इंजिनाच्या थरथरीने कॅमेऱ्याची यंत्रणा बिघडू शकते असा इशारा अ‍ॅपलने २०२१ मध्ये स्वतःच दिला आहे.

आवाज एका वेगाला सुरू होऊन पुढे चढतच जातो, असं तुम्ही लिहिलंत, तेही कामाचं आहे. ७५ ते ८५ एवढ्याच पट्ट्यात येऊन ९०ला नाहीसा झाला असता, तर मी म्हटलं असतं की चेनगार्ड, नंबरप्लेट, सायलेन्सरची पत्री, मडगार्डचा ढिला स्क्रू, यांतलं काहीतरी विशिष्ट थरथरीला साथ देतंय. अशा आवाजाला मूठभर नट आवळणं पुरतं. सतत चढणारा आवाज मात्र फिरणाऱ्या, झिजलेल्या किंवा ताणलेल्या वस्तूचा असतो.

आता तुमच्या बायकोच्या वजनाकडे येऊ, कारण पत्रातला सगळ्यात बोलका पुरावा तोच आहे. गाडीवर वजन आलं की मागचे शॉकअप दबतात आणि मागचं चाक वर येतं. चाक धरून ठेवणारा चिमटा, म्हणजे स्विंगआर्म, पुढच्या स्प्रॉकेटभोवती फिरत नाही, तो त्याच्या थोडं मागे असलेल्या पिनवर फिरतो. त्यामुळे चाक वर-खाली होताना दोन स्प्रॉकेटमधलं अंतर बदलतं. पुढचं स्प्रॉकेट, चिमट्याची पिन आणि मागचा एक्सल हे तीन मध्यबिंदू एका रेषेत आले की ते अंतर सगळ्यात जास्त होतं आणि चेन सगळ्यात जास्त ताणली जाते. रिकाम्या गाडीत एक्सल या रेषेच्या खाली असतो. एक माणूस बसला की तो रेषेकडे सरकतो, दोन बसले की आणखी जवळ जातो.

म्हणून स्टँडवर उभ्या केलेल्या गाडीत चेन ‘मस्त टाइट’ केली, तर दोन माणसं बसल्यावर तिला ढील उरतच नाही. मग रस्त्यातल्या प्रत्येक उंचवट्याला ती चेन मागचं हब (चाकाचा मधला भाग) आणि गिअरबॉक्सचा आउटपुट शाफ्ट यांना एकमेकांकडे ओढते. दोन्हीकडची बेअरिंगं हा भार पेलण्यासाठी बनवलेलीच नसतात. चेन ढिली असली तर ती फटफट वाजते आणि लोक लगेच गॅरेजला जातात. घट्ट चेन बराच काळ गप्प राहून बेअरिंग खाते, आणि आवाज येतो तेव्हा ती स्वतः नवीकोरी दिसते. चेन थोडी ढिली राहिलेली परवडते, घट्ट राहिलेली परवडत नाही, हे मी प्रत्येकाला सांगत आलो आहे आणि तुम्हालाही कळकळीने सांगतो.

तर उद्या सकाळी, इंजिन थंड असताना, हे करा. गाडीच्या पुस्तिकेत किंवा चिमट्यावरच्या स्टिकरवर चेनची ढील मिलिमीटरमध्ये दिलेली असते. तुमच्या वर्गातल्या बऱ्याच गाड्यांना ती २० ते ३५ मिलिमीटरच्या दरम्यान असते, पण तुमच्या गाडीचा आकडाच प्रमाण माना. मोजायचं साइड स्टँडवर की मेन स्टँडवर, तेही पुस्तिकाच सांगते, आणि त्याने आकडा बदलतो. खालच्या चेनच्या मधोमध पट्टी धरा, बोटाने वर-खाली करून पूर्ण हालचाल मोजा. मग चाक थोडं फिरवून पुन्हा मोजा, असं चेनचा पूर्ण फेरा होईपर्यंत. चेन सगळीकडे सारखी नसते, आणि ढील नेहमी सगळ्यात घट्ट जागेवर ठरवायची. चाक हाताने फिरवा, इंजिन बंद ठेवा. इंजिन चालू करून, गिअर टाकून फिरत्या चेनजवळ हात नेल्यामुळे लोकांची बोटं गेली आहेत.

नंतर तुम्ही दोघं गाडीवर बसा आणि तिसऱ्या कुणाला तरी चेन दाबून बघायला सांगा. दोघांच्या वजनाखालीही ती थोडी हलली पाहिजे. तारेसारखी ताठ लागली, तर तुमच्या आवाजाचं मूळ सापडलं असं समजायला हरकत नाही. ढील नीट करताना चाक सरळ आहे का तेही बघा. चिमट्यावरच्या खुणांवर पूर्ण विश्वास टाकू नका. दोन्ही बाजूंना चिमट्याच्या पिनेच्या मध्यापासून एक्सलच्या मध्यापर्यंतचं अंतर टेपने मोजा आणि सारखं करा. चाक वाकडं असेल तर चेन स्प्रॉकेटच्या दातांच्या एका बाजूला घासते आणि मागच्या स्प्रॉकेटच्या आतल्या बाजूला चकचकीत पट्टा दिसतो.

चेन सैल करून हायवेला पुन्हा जा. आवाज गेला तर उत्तम. कमी झाला पण गेला नाही, तर घट्ट चेनने तोवर एखादं बेअरिंग दुखावलं आहे, आणि इथे एक जागा हमखास चुकते. तुमच्या गाडीच्या मागच्या हबमध्ये बहुधा दोन नाही, तीन बेअरिंगं आहेत. दोन चाकाची, आणि तिसरं मागचं स्प्रॉकेट ज्या होल्डरवर बसतं त्याच्या पोटात. चेनचा ओढा सगळ्यात आधी या तिसऱ्याला लागतो. चाक हलवून बघितलं तर ते कळत नाही, त्यामुळे ‘बेअरिंग चेक केलं, ठीक आहे’ असं सांगणाऱ्याने अनेकदा दोनच तपासलेली असतात.

तपासायची रीत सांगतो. गाडी मेन स्टँडवर घ्या, मागचं चाक वरून-खालून धरून आडवं हलवा. खुटखुट लागली तर चाकाची बेअरिंगं किंवा चिमट्याचे बुश गेले. मग चेन उतरवून चाक हाताने जोरात फिरवा आणि दुसरा हात चिमट्यावर ठेवा. खराब बेअरिंगची खरखर हाताला कानाआधी कळते. शेवटी चाक उतरवून तिन्ही बेअरिंगांच्या आतल्या रेसमध्ये बोट घालून सावकाश फिरवा. लोण्यासारखं फिरलं पाहिजे. अडखळत असेल, दाणेदार लागत असेल, बाहेर गंज दिसत असेल, तर ते बदलायचं, आणि एक गेलं असेल तर मी तिन्ही बदलून घेतो. नवं बेअरिंग बसवताना ठोकायचं ते बाहेरच्या रेसवर. आतल्या रेसवर हातोडी बसली तर गोळ्यांच्या वाटेवर खड्डे पडतात आणि नवं बेअरिंगही पहिल्याच दिवसापासून गुणगुणायला लागतं.

चाक उतरवलंच आहे तर आणखी दोन गोष्टी बघा. दोन बेअरिंगांच्या मध्ये एक नळी असते, तीच आतल्या रेसमधलं अंतर राखते. ती नसेल किंवा एक्सलवर चाकाच्या दोन्ही बाजूंना बसणारे बुश डावे-उजवे अदलाबदल झाले असतील, तर एक्सल आवळताच बेअरिंग बाजूने दाबलं जातं. आणि हबमधले रबर. ते सैल झाले की अ‍ॅक्सिलरेटर देताना-सोडताना मागून ‘खट’ असा धक्का येतो. ३४,००० किलोमीटरला ते थकलेले असण्याची शक्यता चांगलीच आहे. गाडी प्रेशर वॉशरने धुवत असाल तर फवारा हबच्या मध्यावर मारू नका, सीलमधून पाणी आत जाऊन ग्रीस धुतलं जातं.

एवढं सगळं निर्दोष निघालं तरच गिअरबॉक्सच्या आउटपुट शाफ्टकडे जा. पुढच्या स्प्रॉकेटवरचं झाकण काढा, चेन सैल असताना स्प्रॉकेट वर-खाली हलवा. शाफ्टवर स्प्रॉकेटचं किंचित हलणं चालतं, शाफ्टच वर-खाली होणं चालत नाही. स्प्रॉकेटमागच्या सीलमधून ऑइल येत असेल तरी संशय घ्या. पुढच्या वेळी ऑइल काढाल तेव्हा ते उन्हात धरून बघा. चुंबक असलेल्या ड्रेन बोल्टवर राखाडी मऊ लेप साधारण असतो, चकाकते पापुद्रे किंवा कण नसतात. तसं काही सापडलं तर तुमचा मेकॅनिक बरोबर ठरेल, कारण बहुतेक गाड्यांत ते बेअरिंग बदलायला इंजिनाची केसच उघडावी लागते. म्हणून त्याला चुकीचा म्हणू नका. त्याने हे काम शेवटी ठेवायला हवं होतं, एवढंच माझं म्हणणं आहे.

मेकॅनिकबद्दल आणखी थोडं. गल्लीत ३०च्या वेगाने फिरून ८०चा आवाज कुणालाच सापडणार नाही, कितीही हुशार असला तरी. त्याला ‘आवाज येतो’ एवढं सांगू नका. कागदावर लिहून द्या: कोणत्या वेगाला सुरू होतो, क्लच दाबल्यावर राहतो की जातो, खालच्या गिअरमध्ये सूर बदलतो का, अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर काय होतं, दोघं बसल्यावर काय होतं, चेन कधी बदलली. एवढा कागद चांगल्या मेकॅनिकचे दोन तास वाचवतो आणि तुमचे नको असलेले सुटे भाग.

तुमच्या आवाजाशी संबंध नसलेले, पण हायवेवर ओळखता यावेत असे काही आवाज ओघात सांगतो. चढावर टॉप गिअरमध्ये जोर दिल्यावर डब्यात खडे हलवल्यासारखी किणकिण ऐकू आली तर ते नॉकिंग, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल अवेळी पेटणं, लगेच एक गिअर खाली घ्या आणि जोर कमी करा. एका ठराविक फेऱ्यांना, विशेषतः सोडताना, डाव्या किंवा उजव्या बाजूने साखळी घासल्यासारखं वाजलं तर इंजिनाच्या आतली टायमिंग चेन किंवा तिला ताणून धरणारा टेन्शनर. वेगाप्रमाणे जलद होणारी टिकटिक बहुतेक वेळा टायरच्या खाचेत अडकलेल्या खड्याची असते. तो खडा नसून खिळा असेल तर रस्त्यात उपटू नका. ब्रेक हलकेच दाबल्यावर आवाज बदलत असेल तर पॅड, डिस्क किंवा शू घासतंय. ब्रेक न वापरता बराच वेळ गेल्यावर हबजवळ हात नेताच धग लागली तर ब्रेक अडकतोय. डिस्कला हात लावू नका.

नियम परवानगी देत असतील तर लांबच्या प्रवासात कानात फोमचे प्लग घाला. हायवेच्या वेगाला हेल्मेटच्या आत वाऱ्याचा आवाज ९० डेसिबलच्या वर सहज जातो, तासन्‌तास तो कानाला इजा करतो. आणि प्लगने यंत्राचे आवाज बुजत नाहीत. वाऱ्याचा बारीक सिसकारा आधी कमी होतो आणि खालची घरघर उलट स्पष्ट ऐकू येते. निदानाच्या फेरीला तर मी प्लग मुद्दाम घालतो.

आता हायवेला न्यावी का. चेनची ढील तपासेपर्यंत दोघांनी हायवेला जाऊ नका. वरच्या चाचण्या सोडल्या तर एकट्याने, आवाज जिथे सुरू होतो त्या वेगाच्या खाली, जवळचं अंतर चालेल. पण आवाज एकाएकी बदलून खरखरीत झाला, मागचं चाक डोलतंय असं वाटलं, चेन उडी मारल्यासारखी ‘टक्क’ वाजली, जळका वास आला, किंवा इंजिनातून खोल ठकठक सुरू झाली, तर पुढच्या गॅरेजपर्यंत रेटायचं नाही. अ‍ॅक्सिलरेटर सावकाश सोडा, क्लच दाबून ठेवा, पुढच्या ब्रेकने सरळ रेषेत वेग कमी करत कडेला घ्या. पूर्ण गेलेलं बेअरिंग चाक तिरकं करतं, चेन उतरते आणि मागचं चाक जाम होऊ शकतं.

मला दोनच गोष्टी परत कळवा: ताशी ८०ला क्लच दाबल्यावर आवाज राहिला की गेला, आणि दोघं बसल्यावर चेन किती हलली, मिलिमीटरमध्ये. ढील पुरेशी निघाली आणि तिन्ही बेअरिंगं मऊ फिरली, तर इंजिनाची केस उघडण्याबद्दल मी स्वतः तुम्हाला हो म्हणेन.